घोड्यासाठी दिलेला हत्ती

शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये रविवारी बुद्धिबळाची स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर पस्तिशीची एक बाई येऊन बसली. शाहूवाडीकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका, पहाटेच्या एसटीनं आलेली. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, तीस वर्षं पटावर घालवलेला माणूस. पहिल्या पाच चालींतच मी तिच्याविषयी मत बनवून मोकळा झालो, हे लिहिताना आज लाज वाटते.

डाव माझ्याच हातात होता. शेवटी माझ्याकडे हत्ती, घोडा आणि एक प्यादं उरलं. तिच्याकडे हत्ती आणि शेजारीशेजारी पुढं आलेली दोन प्यादी. माझ्या घोड्याला राजाचा जोर होता, प्याद्याचाही होता; त्याला कुणी मारलं तर दोघांपैकी कुणीही उलट मारू शकत होतं. आणि तिनं हत्तीनं तो घोडा मारला. जोर असलेल्या घोड्यासाठी अख्खा हत्ती! हात चुकला असेल असं वाटून मला तिची कीव आली. मी राजानं हत्ती घेतला. तिनं एक प्यादं ढकललं, मग दुसरं. माझा हत्ती एकाला अडवायचा तेवढ्यात दुसरं निसटायचं. त्यातल्या एकाचा वजीर व्हायच्या आधीच मी हार मानून हात पुढं केला.

मी पिशवी उचलली, तशी ती म्हणाली, "काका, बसा की जरा."

"चूक झाली माझी. आता काय बघायचं त्यात?"

"व्हय, पण कुठली चूक?"

मी पिशवी खाली ठेवून बसलो. तिनं घोडा मारला तेव्हाची सगळी मोहरी पुन्हा मांडली. "राजानं कशाला घेतलासा? राजा एक घर लांब गेला. प्याद्यानं घ्यायचं. मग राजा हितंच ऱ्हातोय, माझ्या प्याद्यांच्या आडवा." आम्ही तसं खेळून बघितलं. दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी तिची प्यादी अडकली.

"म्हणजे तुम्ही हरला असता!"

"हरलो असतो की."

"मग हत्ती दिलात कशाला?"

"गप बसून बी हरणारच हुतो. आन् तुम्ही त्या प्याद्याला हात लावणार न्हाईसा, असं वाटलं. मघापासनं त्याचा वजीर करायचा म्हणून जपत हुतासा."

खरं होतं. तिनं पटाइतकंच मलाही वाचलं होतं.

या सगळ्यात तिची एसटी चुकली. "पुढची हाय," म्हणून तिनं विषय संपवला. चहा घेताना मी विचारलं, जिंकल्यावर हे सगळं मला कशाला दाखवलंत? तिचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. लहानपणी ती जिंकली की ते आधी विचारायचे, समोरचा कसा वाचला असता? ते सापडल्याशिवाय पट आवरू द्यायचे नाहीत. ते जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल बोलताना ती कपाकडे बघत राहिली.

मी तिला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. आभार मानायला गेलो, तर म्हणाली, "त्यात काय एवढं?" आणि खिडकीजवळची जागा धरायला धावली.

तीस वर्षांत मी कितीतरी डाव जिंकलो, पण जिंकल्यावर कधी कुणासमोर थांबलो नव्हतो. आता थांबतो. त्या बाईचे आणि मी कधीच न पाहिलेल्या त्या गुरुजींचे माझ्यावर उपकार आहेत. हरण्याची धास्ती गेलीय, आणि सत्तरीत मला पुन्हा शिकावंसं वाटतंय.