बिराप्पाच्या माळावरचा खुळखुळा

बिराप्पाला लिहिता येत नव्हतं आणि मला बघता येत नव्हतं. मी सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, म्हणजे माझी लायकी काय ते कळेल.

१९७५ च्या भाद्रपदात जतच्या पूर्वेला एका माळावर मी खुळखुळ्याच्या फांद्या गोळा करत होतो. पिवळी फुलं, वाळल्यावर वाजणाऱ्या शेंगा. बिराप्पा मेंढरं चारता चारता माझी गंमत बघत होता. शेवटी न राहवून त्यानं माझ्या पिशवीतली एक फांदी बाजूला काढली.

"मास्तर, ह्यो येगळा हाय. खुळखुळ्याला मेंढरू तोंड लावत न्हाई, ह्याची शेंग मातूर हुडकून खातंय. आन् लव बघा, उलटी हाय."

भिंगातून पाहिलं. शेंगेवरची लव खरंच देठाकडे वळलेली होती. अशी जात कुठल्याच पुस्तकात नव्हती.

"आणखी कुठं उगवतं हे?"

त्यानं नजर मेंढरांकडं वळवली. "न्हाई. हितंच."

मी तेच छापलं. सत्कार झाले, बढती मिळाली. लेखात बिराप्पाचं नाव नव्हतं. मेंढक्याचं नाव कोण घालतो? दोन वर्षांनी त्या लेखावरूनच दुर्मीळ झाड वाचवायला माळाला वनखात्याचं तारेचं कुंपण पडलं, चराई बंद झाली.

मी तोऱ्यात कुंपण बघायला गेलो. बिराप्पाची निम्म्याहून जास्त मेंढरं चाऱ्यावाचून विकली गेली होती. तरी त्यानं मला चहा दिला. बोलली ती त्याची बायको मनुबाई.

"पल्याड त्या गुंडा मेंढक्याच्या टेकडीवर ह्योच पाला मायंदाळ हाय. ह्यांनी सांगितलं न्हाई."

"दुसऱ्याचं रान परक्याला दावत न्हाईत आमच्यात," बिराप्पा खाली बघत म्हणाला. मग हळूच म्हणाला, "गुंडाचं नाव न घेता लिवा की, मास्तर. ह्यो पाला लय ठिकाणी हाय म्हना. तार निघंल."

मी टेकडी चढून आलो. सगळी पिवळी झाली होती. वनखात्याला दोन ओळींचं पत्र पुरलं असतं. लिहितो म्हणालो आणि सांगलीला परतलो. ते झाड सगळीकडे आहे म्हटल्यावर माझ्या लेखाला कोण विचारणार? मी पत्र लिहिलं नाही. आजही स्वतःची किळस येते.

पुढच्या वर्षी बिराप्पा कुंडलला उसाच्या फडात दिसला. मोळ्या बांधत होता. मेंढरं कुठं आहेत हे विचारायची माझी छाती झाली नाही. मला बघून तो हात पुसत लगबगीनं पुढे आला.

"मास्तर, आपल्या पत्राचं उत्तर आलं का वो?"

"अजून नाही," मी म्हणालो.