हातनका बाई आणि राखून ठेवलेला बर्फ

प्रयोगशाळेत बाईंना कुणी नावानं हाक मारत नसे. दिवसभर त्यांच्या तोंडी एकच वाक्य, ‘हात नका लावू!’, म्हणून नाव पडलं हातनका बाई. त्यांना ते माहीत होतं, पण त्याचा राग नव्हता. चिडायला त्यांच्याकडे दुसऱ्या पुष्कळ गोष्टी होत्या.

बाईंचं काम बर्फात अडकलेली धूळ तपासायचं. उंच डोंगरावर बर्फ पडतो, त्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, आणि ज्या वर्षी हवेत जे उडत होतं ते त्या वर्षीच्या थरात दबून राहतं. वाळवंटाची माती, ज्वालामुखीची राख, माणसांचा धूर, सगळं. यंत्रानं भोक पाडून त्या बर्फाच्या लांब कांड्या काढायच्या, गोठलेल्याच खाली आणायच्या, आणि हाडं गारठवणाऱ्या खोलीत उभं राहून वरची साल काकडीसारखी सोलायची. सालीला यंत्राचं तेल लागलेलं असतं, दहा जणांचे हात लागलेले असतात. आतला गाभा तेवढा खरा. हाताला क्रीम चोपडून आलेल्या एका नव्या मुलीला बाईंनी दारातूनच परत पाठवलं होतं. ‘तुझं क्रीम मला बर्फात सापडेल, आणि मी म्हणेन, अरे वा, तेव्हा डोंगरावर एवढं नटत कोण होतं बाई!’

या कामात त्या पडल्या त्या हौसेनं नाही, रागानं. त्याच डोंगराच्या पायथ्याशी शिसं गाळण्याचा कारखाना होता, आणि त्या कारखान्याच्या वस्तीत त्यांचं लहानपण गेलं. वडील भट्टीवर. आई सकाळी खिडकीची चौकट ओल्या फडक्यानं पुसायची, दुपारी बोट फिरवलं की परत करडं. दोरीवर वाळत घातलेली चादर धुण्याआधीपेक्षा मळकी होऊन घरात यायची. वडील आधी खोकायला लागले, मग जिना चढताना मध्येच बसायला लागले, मग त्यांनी जिना चढायचंच सोडलं. शेवटी शेवटी उशांना टेकून बसायचं आणि श्वास घ्यायचा, एवढंच त्यांचं काम उरलं.

ते गेले तेव्हा कारखान्याचा एक तरुण साहेब फुलं घेऊन दारात आला. चेहरा पाडून आईला म्हणाला, ‘काय करणार वहिनी, या भागाची हवाच तशी. वाळवंटातून धूळ येते ना वाऱ्यावर.’

वाळवंटातून! कुठल्या कुठं ते वाळवंट, आणि चिमणी ही समोर, स्वयंपाकघरातून दिसणारी! आई तेव्हा मूग गिळून बसली, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढं लेक शिकली, मोठ्या शहरात नोकरीला लागली, आईला सोबत घेऊन आली, तरी आईचं पालुपद एकच. ‘मला त्यांच्याकडून दुसरं काही नको. फक्त एकदा त्यांनी कबूल करावं, की ती धूळ त्यांचीच होती.’

आणि ते कबूल करून घ्यायची वेळ खरोखरच आली होती. भट्टीवरच्या कामगारांच्या बायकांनी कारखान्यावर खटला भरला होता. बाईंनी त्या डोंगरावरची कांडी आणली, वडील कामाला होते त्या वर्षांचा तुकडा उभा चिरला आणि अर्धा तपासला. वाऱ्यावर लांबून आलेले मातीचे कण वेडेवाकडे, कंगोरे असलेले असतात. भट्टीच्या आगीत वितळून गार झालेले कण मोत्यासारखे गोल. बाईंना मायक्रोस्कोपखाली गोल कण दिसले, खच्चून भरलेले, आणि त्यांच्या जोडीला शिसं. पण कारखान्याच्या वकिलानं फाटा फोडला. ‘मेलेल्या माणसाची मुलगीच तपासणार, मग दुसरं काय निघणार?’ कोर्ट म्हणालं, ठीक आहे, उरलेला अर्धा तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत, दोन्ही बाजूंच्या समोर तपासा.

तो अर्धा तुकडा बाईंनी जिवापाड जपला. कारण दुसरा मिळणार नव्हता. त्या मध्यंतरी परत डोंगरावर जाऊन आल्या, तर उन्हाळे इतके तापलेले, की वरचा बर्फ वितळून पाणी खालच्या थरांत झिरपलं होतं आणि ती सगळी वर्षं धुऊन निघाली होती.

तुकडा न्यायला गाडी यायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई थंड खोलीत गेल्या. खालच्या फळीवरचा डबा रिकामा होता.

‘सर घेऊन गेले,’ मदतनीस चाचरत म्हणाला. ‘स्वतः आले होते. पाहुण्यांच्या सरबतात घालायला.’

आता यात नवल काही नव्हतं. तपासून उरलेला जुना बर्फ सरबतात टाकायचा ही त्या प्रयोगशाळेची जुनी खोड. आत कोंडलेली हवा सुटते तसा तो तडतडतो, लोकांना गंमत वाटते. बाईंनी स्वतःही कितीदा टाकला होता. त्या दिवशी सरांचा, म्हणजे संचालकांचा, थाट होता, कारण एक नवं यंत्र भेट मिळत होतं. देणारा कोण? तोच कारखाना! बाईंना हे कळलं होतं आणि समारंभाकडे त्या फिरकणारच नव्हत्या.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगातला जाडजूड कोट तसाच ठेवून त्या सभागृहात घुसल्या. बहुतेकांचे ग्लास रिकामे झाले होते.

‘या, बाई, या!’ संचालक म्हणाले. ‘साहेबांना सांगतच होतो, बर्फ आमच्या बाईंनी आणलाय म्हणून.’

‘खालच्या फळीवरचा डबा नेलात?’

‘हो. मळकट होता, साल काढलेली नव्हती. म्हटलं, उरलासुरला असेल, धुऊन घेतला.’

‘साल तपासणीच्या दिवशीच काढतात, सर! कोर्टाचा तुकडा होता तो!’

संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘अहो, पण तुम्ही सगळ्याच डब्यांवर लिहिता, हात नका लावू...’

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून बाईंना आणखीच राग आला.

‘अरेरे, फारच वाईट झालं,’ पाहुणा म्हणाला. बाईंनी वळून पाहिलं. केस पिकले होते, अंग सुटलं होतं, कारखान्याचा मोठा मॅनेजर झाला होता, पण पाडलेला चेहरा तोच होता, फुलं घेऊन आलेला. तोंडानं अरेरे म्हणत होता आणि मनातून सुटलो म्हणत होता. भाषण करून नुकताच बसल्यामुळे त्याचा ग्लास तेवढा भरलेला होता. त्यात बर्फाचा तुकडा तरंगत होता आणि तुकड्यात करडी रेघ.

‘वाईट वाटून घेऊ नका,’ बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला, तशी त्यांना ओळखणारी माणसं मागं सरकली. ‘प्या. माझे वडील तुमच्या भट्टीवर होते, तेव्हाचा बर्फ आहे.’

मॅनेजरचा हात थबकला.

‘प्या ना! वाळवंटाची धूळ आहे, तुम्हीच माझ्या आईला सांगून गेलात. एवढीशी माती पोटात गेली तर काय होतंय?’

एका ग्लासानं कुणाला काही होत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. बाकीच्यांनी ग्लास संपवले होते आणि ते समोर ठणठणीत उभे होते. मॅनेजर हसला. ग्लास ओठांपर्यंत नेला. मग त्यानं त्या रेघेकडे पाहिलं आणि ग्लास टेबलावर ठेवला, वर दोन बोटांनी लांब सरकवला.

‘मला थंड सोसत नाही,’ तो म्हणाला.

ते सगळ्यांनी पाहिलं. पण कुणी काय प्यायलं नाही, हा काही कोर्टातला पुरावा होत नाही, आणि सरबतात भिजलेला तुकडाही नाही. त्या डोंगरावरची वर्षं सरबतातून गेली ती गेलीच. बाईंनी संचालकांना सगळ्यांदेखत वाटेल ते सुनावलं आणि त्या घरी निघाल्या.

आई खिडकीची चौकट पुसत होती. इथं कारखाना नाही, चिमणी नाही, पण हाताची सवय जाते थोडीच! बाईंनी सगळं सांगून टाकलं, तुकडा गेला हेही सांगितलं, आणि आता आई रडेल म्हणून तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

‘त्यानं ग्लास खाली ठेवला?’ आईनं विचारलं.

‘हो गं. सगळ्यांसमोर.’

आईचा आवाज असा चढला, की तसा बाईंनी जन्मात ऐकला नव्हता.

‘म्हणजे त्याला माहीत होतं! माझ्या दारात उभा राहून वहिनी वहिनी करत होता ना, तेव्हाही त्या मेल्याला माहीत होतं!’

आणि हातातलं फडकं तिनं भिंतीवर फेकून मारलं.