त्रिवेणीची रंगीत तालीम

त्रिवेणी कुकटपल्लीला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. राहते बरकतपुऱ्यात, वडिलांबरोबर. आणि बसते नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला.

तिच्या लहानपणी गणपतीत आमच्या मंडळाचं नाटक असायचं. सगळे नोकरदार, त्यामुळे तालमीला कुणी ना कुणी गैरहजर. मग दुसराच कुणी पुस्तक धरून त्याची वाक्यं म्हणे. त्याला प्रॉक्सी म्हणत. त्रिवेणीचे वडील उमाजी रेल्वेत होते. ड्यूटी संपवून ते येईपर्यंत तालीम आटोपलेली असे. त्यांचा प्रॉक्सी प्रत्येक वाक्याला झटकन उत्तर देई. नाटक घट्ट बसलंय, असं सगळ्यांना वाटे.

प्रयोगात नायिकेनं हाक मारली आणि उमाजी आलेच नाहीत. तिनं पुन्हा हाक मारली. विंगेत ते रंग लावून, काठी धरून उभे होते, डावा कान स्टेजकडे करून. त्या कानानं त्यांना ऐकू येत नाही, हे तोवर घरातही कुणाला माहीत नव्हतं. शेवटी कुणीतरी ढकललं तेव्हा ते निघाले, पण तेवढ्यात पडदा पाडला गेला. लोक हसत होते. त्रिवेणी पुढे सतरंजीवर बसली होती.

पुढच्या वर्षी मंडळानं नियम केला: रंगीत तालमीला प्रॉक्सी चालणार नाही, रजा काढा पण या. उमाजींनी मात्र पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. आता मंडळही उरलेलं नाही.

यंदा त्रिवेणीकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठीचं ॲप तपासायला होतं. बटण दाबलं की नर्सला संदेश जातो, तिचा होकार आला की रुग्णाला कळतं. बहुतेक चाचण्यांत खरी संदेशसेवा नव्हतीच. तिच्या जागी मॉक, म्हणजे तिची नक्कल करणारा प्रोग्राम होता, आणि तो विचारल्याबरोबर होकार देई. एकच चाचणी बटणापासून होकारापर्यंत खरी चालायची. ती रेंगाळे, कधी नेटवर्कमुळे उगाच नापास होई. टीमलीड प्रशांतला ती काढून टाकायची होती. ती चाचणी निघाली की दुसऱ्या दिवशी ॲपचं रिलीज.

"मॉक सगळे पास आहेत. कायको परेशान होतेस?" तो म्हणाला.

"प्रॉक्सी कधी चुकतच नाही, प्रशांत."

तिनं त्याला नाटकाची गोष्ट सांगितली. मग सगळे मॉक काढायचे का, असं त्यानं जरा टोचूनच विचारलं.

"नको. रोजच्या तालमीला प्रॉक्सी लागतोच, नाहीतर तालीमच व्हायची नाही. ही एक मात्र खऱ्या माणसांनिशी होऊ दे."

नर्सचा म्हणून ठेवलेला फोन तिनं हर्षदा नावाच्या सहकारिणीच्या हातात दिला आणि बटण दाबलं. संदेश उशिरा पोचला. हर्षदानं लगेच होकार दिला, पण तोवर ॲपनं 'नर्स उपलब्ध नाही' असं सांगून विषय संपवला होता. प्रशांतनं स्वतः पुन्हा करून पाहिलं. तेच झालं. त्यानं रिलीज पुढे ढकललं.

घरी उमाजी वाट पाहत होते. काम झालं का, त्यांनी विचारलं. ती खुर्चीला वळसा घालून त्यांच्या उजवीकडे बसली.

"लांबलं, बाबा. उत्तर उशिरा येत होतं."

"पण येत होतं ना?"

"येत होतं."



"मग जरा थांबायला हवं होतं," उमाजी म्हणाले.