चढावर दम धर

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझ्या मुलीची पिकअप गुरुग्राममधल्या एका आयटी कार्यालयाच्या मागच्या फाटकाशी दुपारी बारा वाजून बावन्न मिनिटांनी पोचली. जेवण साडेबाराला पोचायचं होतं. त्या महिन्यातला हा दुसरा उशीर. कँटीनच्या व्यवस्थापकांनी पहिल्याच दिवशी हिंदीत बजावलं होतं की महिनाभर बघू, पण तीनदा उशीर झाला तर पुढच्या दिवशी येऊ नका.

मुलीने वर्षभरापूर्वी नोकरी सोडून दिल्लीत मयूर विहारला, आमच्या सोसायटीसमोरच्या एका तळमजल्यावर स्वयंपाकघर सुरू केलं होतं. वरण, भात, उसळ, पोळ्या. नोएडात एक लहान गिऱ्हाईक होतं. गुरुग्रामचं हे पहिलं मोठं. ते सुटलं तर स्वयंपाकघर बंद करून पुन्हा नोकरी शोधायची, असं तिनेच ठरवलं होतं. हे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

दोन्ही वेळा उशिराचं कारण गॅस. गाडी जुनी, फक्त सीएनजीवर चालणारी. घराजवळच्या पंपावर प्रेशर कमी, त्यामुळे टाकी जेमतेम अर्धी भरायची. तेवढ्यात सकाळची भाजी मंडी, नोएडा आणि मग गुरुग्राम, एवढं होत नसे. धौला कुआँच्या आसपास, टाकीत किती गॅस उरला ते दाखवणाऱ्या दिव्यांतला शेवटचा हिरवा ठिपका लुकलुकू लागायचा, आणि वाटेतल्या पंपाच्या रांगेत पाऊण तास जायचा.

त्या संध्याकाळी काका रिकामा डबा परत द्यायला आले. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाचे हे शेजारी. मूळचे साताऱ्याकडचे. एका मंत्रालयात चौतीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर मुलाकडे, आमच्या मागच्याच गल्लीत राहायला आले. मुलीने त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या आठला येतो. गाडीला एकदा विचारून बघू."

बुधवारी आठला पाच मिनिटं कमी असताना ते आले. आधी त्यांनी गाडीच्या मागच्या हौद्यात डोकावलं. तिथे एक बिघडलेली शेगडी, तीन लोखंडी सळ्या आणि आधीच्या मालकाने ठेवलेली वाळूची दोन पोती होती.

"ह्या वाळूचं काय, लोणचं घालणार आहेस?"

"पावसात गाडी घसरू नये म्हणून असेल, काका."

"फेब्रुवारी आहे, बाळ."

वाळू उतरली, शेगडी आणि सळ्या उतरल्या. फडफडणारी ताडपत्री त्यांनी चहूबाजूंनी ओढून बांधली. चाकांत हवा भरून घेतली. चारही चाकांत कमी निघाली. मग आम्ही तिघे पुढच्या सलग सीटवर बसलो. मुलगी स्टिअरिंगवर, काका खिडकीशी, मी मध्ये. वेळा टिपणं माझ्याकडे होतं. तीस वर्षं न्यूज डेस्कवर काढल्यामुळे ती सवय आहे.

पुढचे तीन दिवस काका शिकवत होते. गिअर लवकर बदल, इंजिनाला ओरडू देऊ नकोस. पुढच्या गाडीच्या दिव्याकडे नको, तिच्याही पुढच्या तीन गाड्यांकडे बघ. लांबून सिग्नल लाल दिसला की पाय उचल, गाडी आपली आपण जाईल. मुलगी सवयीने सिग्नलपर्यंत रेस द्यायची आणि मग करकचून ब्रेक दाबायची.

"लाल दिव्याने काय तुला हळदी-कुंकवाला बोलावलंय?" काका म्हणाले. "ब्रेक दाबलास की तेवढा गॅस पाण्यात."

उतारावर तिने एकदा गाडी न्यूट्रलला टाकली, तेव्हा मात्र त्यांनी आवाज चढवला. असं करायचं नाही, गाडी हातात राहत नाही, वाचत तर काहीच नाही. बाकी वेळ ते शांत होते. प्रत्येक उड्डाणपुलाच्या तोंडाशी मात्र एकच वाक्य म्हणायचे, "चढावर दम धर."

आमच्या वाटेत पुलांची कमी नाही.

तिन्ही दिवस आम्ही वेळेत पोचलो, पण काठावर. शुक्रवारी तर शेवटचा ठिपका फाटकाआधी चार किलोमीटर लुकलुकत होता. एवढं करून फरक एवढाच का, ते काकांना कळेना. सोमवारी पहिल्याच पुलावर ते थोडं मोठ्याने म्हणाले, "दम धर म्हणतोय ना मी."

"धरलाय की, काका. अजून किती धरू? पाय तळाला टेकलाय."

काकांनी वाकून तिच्या पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"दम म्हणजे काय गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"ताकद. दम लगा के."

पूल संपला. मग काका हसू लागले. डोळे पुसत म्हणाले, "आणि मी म्हणतोय, पोरगी हट्टी आहे. सांगावं तर उलटं करते."

"मला वाटलं, तुम्हाला स्पीड आवडतो. ड्रायव्हर होता म्हणून."

"अगं, दम धर म्हणजे घाई करू नको. चढ लागायच्या आधी वेग घे, आणि चढावर गाडी थोडी मंदावली तर मंदावू दे."

"मग आराम से म्हणा ना."

तो शब्द सहा दिवस... नव्हे, टिपणं पाहिली; तीन दिवस आणि एक पूल, माझ्या कानावरून गेला होता. मलाही काही खटकलं नाही. आमच्या घरात "दम धर"च्या जागी "रुक ना" आणि "एक मिनिट" कधी आलं, ते मला सांगता येत नाही. मुलगी आर. के. पुरमला वाढली. हा शब्द तिला घरात कोणी दिलाच नव्हता, आणि घरात मीच होते.

काका दुसऱ्या दिवसापासून "आराम से" म्हणू लागले. दोन पूल ऐकून मुलगी म्हणाली, "नको, दम धरच म्हणा. आता मला कळतं."

त्या आठवड्यात गुरुग्रामला पोचल्यावर दोन ठिपके जळत असायचे. काका एकूण अकरा दिवस आले. रोज आठला पाच मिनिटं कमी असताना, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. बदल्यात त्यांनी रोज एक वरण-भाताचा डबा घेतला. लोणचं तेवढं मागून घेतलं. त्या अकरा दिवसांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. मानले असते तर त्यांनी विषय बदलला असता. ते इथे मानते.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते झालं.

महिनाभराच्या चाचणीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. आम्ही दोघीच होतो. धौला कुआँच्या अलीकडे एक ट्रक बंद पडला होता आणि तीन रांगांची एक झाली होती. अकरा वाजून चाळीस मिनिटं. ठिपका एकच उरला होता, पण स्थिर. डाव्या हाताला पंप दिसत होता. रांगेत दहा-बाराच गाड्या होत्या.

"आई, वळू?"

मी म्हणाले, "तू ठरव."

तिने पंपाकडे बघितलं, ठिपक्याकडे बघितलं, आणि इंजिन बंद केलं. मागच्या टेम्पोने हॉर्न धरला. पुढे चांगली पाच-सहा गाड्यांची जागा झाल्यावरच तिने किल्ली फिरवली. असं चारदा केलं. पुलाच्या तोंडाशी तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

बारा वाजून बावीस मिनिटांनी गाडी फाटकातून आत गेली. व्यवस्थापकांनी घड्याळ बघितलं, मटकीच्या उसळीचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाले, "सोमवार से पक्का."

मुलीने तिथूनच काकांना फोन लावला. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. जेवण पसंत पडलं का, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, "ठिपके किती?"

"एक. पण लुकलुकत नाही."

"मग ठीक."

परतताना आम्ही गॅस भरायला थांबलो. रांगेत आमच्यापुढे सव्वीस गाड्या होत्या. तिने इंजिन बंद केलं.