शेवटच्या पानावरचा शेरा

आमच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शेरा लिहून ठेवायची वाचकांना खोड आहे. ड्रॅगनांच्या त्या कादंबरीमालेच्या पहिल्या चारही भागांत शिसपेन्सिलीने एकाच हाताने लिहिलं होतं, ‘पुढचा भाग जरूर वाचावा.’ त्या अनोळखी माणसाच्या भरवशावर मी पाचव्यापर्यंत आलो. काल तो संपला, तर शेवटचं पान कोरं.

भाग आवडला नसेल का? पण चौथ्यातलं अक्षर फारच थरथरलेलं होतं.

ग्रंथपालबाईंना विचारलं. “कोण लिहितं, आम्हाला काय ठाऊक? सहावा देऊ का?”

सहावा आणलाय. त्याचं शेवटचं पान मी अजून उघडलेलं नाही. गोष्टीचा शेवट आधीच कळेल, ही भीती मात्र नाही.