राक्षसमामांची राहिलेली टाळी

राक्षसमामांचा आवाज एवढा दांडगा, की त्यांनी साधं "जेवलास का?" विचारलं तरी लहान पोर आईच्या पदराआड दडायचं. मूळचे ते बहुरूपी; राक्षसाच्या सोंगावरून हे नाव पडलेलं. दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला गेली, मग सोंगं काढणार कुणापुढं? पायानं अधू, म्हणून तेर गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर मुकादमानं त्यांना पाण्याच्या पिंपापाशी बसवलं आणि आम्हा कामकऱ्यांच्या पोरांना त्यांच्या गळ्यात मारलं.

तिथं लिंबाखाली मामांनी आमचं राज्य उभं केलं. अर्धे राजाचे, अर्धे राक्षसाचे, आणि लढाई फक्त विषाची. पाला आणि कोळसा वाटून लगदा करायचा, शत्रूच्या मनगटाला फासायचा, की तो मेला. तोंडात काही घालायचं नाही. पिंपातलं पाणी घ्यायचं नाही; ओलाव्याला थुंकी होतीच. विषाआधी मातीचा उतारा करून दाखवायचा. मी एकदा नुसतंच विष घेऊन गेले, तर म्हणाले, "मारायला काय अक्कल लागती व्हय? उठवणार कसं, ते आदी सांग."

सगळ्यात कडक नियम वेगळाच होता. ज्यानं विष लावलं, त्यानं मेलेल्याच्या उशाशी बसून राहायचं. उतारा लागून तो उठला आणि त्यानं टाळी दिली, की सुटका. त्यामुळं शत्रूशीच आमच्या दुपारभर गप्पा रंगायच्या आणि लढाई तशीच राहायची. मामांना तेच हवं असणार.

माझी धाकटी बहीण शेवंता भुकेची कच्ची. एकदा तिनं कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या फोडून खाल्ल्या. उलट्यांनी पोर पार गळाली. आई धावत आली.

"तुमीच इख शिकवलं माझ्या लेकराला!"

तोंडात घालायची बंदी होती, हे मामांनी कुणालाही सांगितलं नाही. शेवंताचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाले, "ध्यान ठिवायचं काम माझं व्हतं, आक्का." पोरीला दवाखान्यात नेताना आईनं त्यांना बैलगाडीला हातही लावू दिला नाही.

मुकादमानं त्यांना कामावरून काढलं. मामा लिंबाखालून हलेनात. "पोरीनं टाळी दिल्याबिगर उठता येत न्हाय. नेम हाय." मुकादमानं कपाळाला हात लावला.

शेवंता बरी झाली, तेव्हा आईनंच तिला मामांकडं आणलं. मला तर नाचावंसं वाटत होतं. "दे गं मामाला टाळी," आई म्हणाली. मामांनी तळवा पुढं केला. शेजारी त्यांचं गाठोडं बांधून तयार होतं. शेवंतानं ते पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"दे की गं." तो दांडगा आवाज पहिल्यांदाच कापला.

"दिली की तुमी जाताल."

मामा हसले, डोळे पुसले, गाठोडं उचललं. "मग म्या सुटलो न्हाय म्हणायचं," म्हणाले आणि लंगडत तेरणेच्या कोरड्या पात्रात उतरले.

ते पुन्हा दिसले नाहीत. शेवंताला आता नातवंडं आहेत. त्यांनी टाळी मागितली की ती डावा हात पुढं करते. उजव्या हाताची मामांची राहिली आहे, म्हणते.