कार्ब्युरेटरच्या तोंडावरचं फडकं

एरंडेलाचा वास आला की लोकांना जुलाब आठवतात, मला रेस आठवते. पेट्रोलात एरंडेल मिसळून इंजिन पळवायचं खूळ सत्तरच्या दशकात आमच्या उद्यमनगरात शिरलं होतं. भंगारातल्या दुचाकीचं इंजिन आणायचं, पाइप वाकवायचे आणि बुटकी चारचाकी बांधायची. तिला आम्ही कार्ट म्हणायचो. बसलं की बूड जमिनीपासून वीतभर वर आणि वेग असा की डोळ्यांतून पाणी यायचं. काय दिवस होते ते! तसली मजा पुन्हा आली नाही, सरळच सांगतो.

माझा लेथ होता. इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं काम माझं, बाकी सगळं मिस्त्रींचं. मिस्त्री म्हणजे शेजारच्या गाळ्यातले मुसलमान कारागीर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या घरात आज्यापासून कानस चालत आलेली. सिलिंडरातल्या ज्या भोकांतून पेट्रोल आत येतं आणि धूर बाहेर जातो, ती ते केसाकेसानं रुंद करायचे. माप घ्यायचं ते बोटानं. मी घाई केली की म्हणायचे, "गड्या, लोखंड कापलं की परत चिकटत न्हाय. दम खा की जरा."

जास्त हवा मिळावी म्हणून, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा फिल्टर आम्ही काढून टाकला होता. गाडी उभी असली की त्या उघड्या तोंडावर मिस्त्री धुतलेलं फडकं बांधून ठेवायचे. कचरा जाऊ नये, एवढंच.

खंडेनवमीला उद्यमनगर बंद. यंत्रं पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. त्या वर्षी दसरा झाला की लगेच रविवारी रेस होती. मी लेथ पुजला आणि कार्टपुढं येऊन बसलो. फडकं दिसलं. म्हटलं, तोंड बांधून कुणी पूजा करतं होय? काढलं फडकं. कुंकू लावलं, डोळे मिटून मूठभर अक्षता टाकल्या आणि फडकं परत होतं तसं बांधलं.

रेस कसबा बावड्याकडं, साखर कारखान्याच्या बैलगाड्यांच्या तळावर. गळीत सुरू व्हायचं होतं, तळ मोकळा होता. चौथ्या फेरीत मी सगळ्यांच्या पुढं. वळण आलं, मी ॲक्सिलेटर सोडला, पण इंजिन काही मला सोडेना! गाडी भणाणत वळणाबाहेर गेली आणि कडेला रचलेल्या चिपाडाच्या पोत्यांत घुसली. पोती नसती तर हे लिहायला मी नसतो.

माणसं धावली. सगळ्यांत पुढं मिस्त्री. त्यांनी आधी मला बघितलं, मग इंजिन बंद करून कार्ब्युरेटरच्या तोंडावरून अंगठा फिरवला. ॲक्सिलेटर सोडला की कार्ब्युरेटरातली झडप खाली येऊन वेग तोडते, ती वरच अडकली होती; आणि ती झडप त्यांनीच पॉलिश केलेली. माझं डोकं फिरलं. पन्नास माणसांत ओरडलो, "तुमच्या कानशीनं आज मला मारलं असतं! झडप घासून घासून वाट लावलीसा!"

मिस्त्रींनी अंगठा विजारीला पुसला. कानशी गुंडाळल्या, सायकल काढली आणि गेले.

उद्यमनगरात अशी गोष्ट दाबून राहत नाही. आठवडाभर त्यांच्या गाळ्यावर एक इंजिन आलं नाही. कारागिराचं नाव म्हणजेच त्याची रोजीरोटी, आणि ते मी मातीत घातलं होतं. तरी माझी गुर्मी उतरली नव्हती. पुढच्या सोमवारी कुठं कार्ब्युरेटर खोलला. झडप आरशासारखी गुळगुळीत. तिच्या आणि भिंतीच्या फटीत एक तांदूळ चेपून बसलेला, कुंकवानं लाल.

माझी स्वतःचीच अक्षता. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

तसाच तेलकट हातानं त्यांच्या गाळ्यात गेलो आणि दाणा पुढं धरला. "मिस्त्री, चुकलं माझं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तवाच तोंडाशी कुंकू दिसलं हुतं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? तुझ्या पूजेनं गाडी पोत्यांत घुसली म्हनून? पन्नास मानसांत, माझ्या तोंडानं?" ते कानस पुसत राहिले. "कानशीला नावं ठेवली तर चालतंय गड्या. पूजेला नको."

मी तिथनं निघालो तो थेट कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर. रेसला आलेली निम्मी माणसं तिथंच होती. दाणा तळहातावर ठेवून सगळ्यांना ओरडून सांगितलं, गाढवपणा माझा होता. लोक हसले. हसू देत.

पुढच्या खंडेनवमीला मिस्त्री न बोलावता आले. कार्टपुढं बसले, कार्ब्युरेटरच्या तोंडावर नवं फडकं घालून गच्च गाठ मारली आणि गाठीवर हात तसाच दाबून धरला.

"टाक आता अक्षता," म्हणाले. "मोकळ्या हातानं टाक."

मी टाकल्या. निम्म्या त्यांच्या हातावर पडल्या. त्यांनी हात काढला नाही.